साय आणि शेगडी

मुले म्हणजे दूध आणि नातवंडे म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हटले जाते. बारशाला जमलेल्या बायका ते म्हणतात, पेन्शनीत निघालेले गृहस्थ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ते म्हणतात, आणि म्हणताना प्रत्येकाचा स्वर हळवा होतो. म्हणणे गोड आहे, खरेही आहे. पण स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही त्यात एक गोष्ट राहून गेल्याचे जाणवेल. साय आपोआप धरत नाही. त्यासाठी दूध तापवावे लागते. ते उतू जाऊ नये म्हणून कोणाला तरी शेगडीपाशी उभे राहावे लागते, आच कमी करावी लागते, मग ते निवत ठेवून मांजरापासून राखावे लागते. म्हणणाऱ्यांनी साय तेवढी उचलली. शेगडीपाशी उभे असलेले माणूस त्यांना दिसले नाही.

आजी-आजोबांच्या बाबतीत आपल्या वाङ्मयाचेही असेच झाले आहे, असे मला वाटते. नातवंडांवर माया करणारे आजी-आजोबा आपल्या कथाकादंबऱ्यांत उदंड आहेत. मुलासुनांनी अडगळीत टाकलेले आणि दाराकडे डोळे लावून बसलेले म्हातारे तर त्याहूनही उदंड. पण नातवंडांना वाढवणारे आजी-आजोबा किती? तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवणारे, शाळेच्या दारात उन्हात उभे राहणारे, पोराला काय शिकवावे यावर स्वतःचे मत असलेले आणि त्या मतापायी घरात वाद ओढवून घेणारे किती? बोटांवर मोजावेत इतकेच. आणि नवल असे की, जेथे जेथे ते आले तेथे तेथे आपले लेखन, आपले नाटक, आपला चित्रपट नेहमीच्या उंचीहून वर गेला. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे. मी विद्यापीठातली टीकाकार नव्हे. दादरच्या एका शाळेत मराठी शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई आहे. वाचकांनी त्याच बेताने हे वाचावे.

२

प्रथम निबंधांविषयी सांगते, कारण समाजाच्या मनात एखाद्या माणसाचे जे चित्र ठसलेले असते ते शाळेच्या निबंधाइतके स्वच्छ दुसरीकडे कोठे सापडत नाही.

'माझी आजी' हा विषय दरवर्षी कोणत्या ना कोणत्या इयत्तेला येतोच. आणि दरवर्षी चाळीस वह्यांतून एकच आजी माझ्या टेबलावर येऊन बसते. तिचे केस कापसासारखे पांढरे असतात. ती नऊवारी नेसते. तिच्या हातांना सुरकुत्या असतात, पण ते हात मऊ असतात. संध्याकाळी ती देवापुढे दिवा लावते आणि रात्री नातवंडांना रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगते. वह्या तपासून मी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी जाते तेव्हा त्याच चाळीस मुलांच्या आज्या तेथे उभ्या असतात. त्यांपैकी एकही नऊवारीत नसते. बऱ्याच जणींनी केस रंगवलेले असतात. कोणाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर वर्गाच्या गटात आलेला उद्याचा गृहपाठ त्या चष्मा वर करून वाचत असतात. एका खांद्यावर दप्तर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि पुढच्या क्लासला किती मिनिटांत पोहोचायचे याचा हिशेब डोक्यात. शेजारी आजोबा उभे असतात. गोखले रोडवरच्या गर्दीतून दोन नातवंडांना दोन हातांनी धरून पलीकडे नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

एका मुलीने मात्र एकदा निराळाच निबंध लिहिला. तिची आजी पहाटे उठून डोंबिवलीहून लोकलने दादरला येते, तिची वेणी घालते, तिला शाळेत सोडते, दुपारी घरी आणते, आणि आई कामावरून परतली की पुन्हा गाडीने डोंबिवलीला जाते, असे त्यात होते. शेवटी एक वाक्य लिहून तिने खोडले होते. शाईखालून ते वाचता येत होते. आजी गोष्टी सांगत नाही, कारण तोवर तिला झोप आलेली असते, असे ते वाक्य होते. त्याच्याखाली मुलीने, आजी मला रामाच्या गोष्टी सांगते, असे नीट अक्षरात लिहिले होते. मी त्या खोडलेल्या वाक्याला गुण दिले. पण मनात आले की, हे खोडायला या पोरीला कोणी शिकवले? घरच्यांनी नव्हे, मीही नव्हे. ते तिला वाचनातून आले. आपल्या पुस्तकांत जी आजी नाही ती वहीतही चालत नाही, एवढे त्या दहा वर्षांच्या जिवाला कळले होते.

३

ही गोष्टी सांगणारी आजी मुळात खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. पण तिचे बाकीचे आयुष्य छाटून तिला नुसते तोंड ठेवले ते आपण लिहिणाऱ्यांनी. लोककथेने तसे केले नव्हते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आठवा. ती एकटी रान ओलांडते, वाटेत भेटलेल्या वाघाशी बोलणी करते, आत्ता मला खाऊन तुझे पोट भरायचे नाही हे त्याला पटवते, आणि परतीच्या वाटेवर त्याला चकवते. त्या गोष्टीत म्हातारी ही नायिका आहे, आणि तिचे शस्त्र म्हणजे तिची अक्कल. ज्यांनी ही गोष्ट शतकानुशतके सांगितली त्या आज्यांनी आपलेच चित्र त्यात काढले असणार.

पुढे रंगभूमीवर मुलांसाठी नाटके आली. रत्नाकर मतकरींचे 'अलबत्त्या गलबत्त्या' मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिले आहे. २०१८ साली ते पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा थिएटरे मुलांनी भरून गेली, आणि मुलांना घेऊन येणाऱ्यांत आजी-आजोबा पुष्कळ होते. मतकरींच्या कल्पकतेविषयी मला आदरच आहे. चिंची चेटकीण हे पात्र अस्सल आहे, मुले तिला भितात आणि तिच्यावर जीवही टाकतात. पण त्या गर्दीत बसून एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मंचावर म्हातारी आली ती चेटकीण होऊन, आणि तीही पुरुष नटाने रंगवलेली. तिकिटे काढून, डबा भरून, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी प्रेक्षागृहातच राहिली.

याच्या उलट एका कवितेकडे पाहावे. केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, यांची 'आजीचे घड्याळ' ही कविता पूर्वी पुष्कळांना शाळेत होती. आजीचे घड्याळ कोणाला दिसत नाही, त्याला किल्ली द्यावी लागत नाही, तरी ते कधी चुकत नाही, ही तिची कल्पना सर्वांना आठवते आणि आठवून हसू येते. पण ती कविता पुन्हा वाचली की दुसरीच गोष्ट नजरेत भरते. पहाटे अभ्यासाला उठवण्याची कामगिरी नातू आजीवर टाकतो आणि खुशाल झोपी जातो. दिवस कोठवर आला, अंघोळ केव्हा, शाळा केव्हा, हे सारे तीच सांगते. म्हणजे घरातल्या सर्वांची वेळ ती सांभाळते, आणि त्यासाठी सर्वांच्या आधी स्वतः जागी असते. अत्र्यांनी विनोदाच्या मिषाने एक कामकरी आजी काढली आहे. आपण तिच्यातला चमत्कार तेवढा पाठ केला आणि जागरण विसरलो.

गोष्ट सांगणे आणि राबणे ही दोन माणसांची कामे नव्हेत, हे रशियातल्या माक्सीम गॉर्कीने आपल्या बालपणाच्या कहाणीत दाखवून ठेवले आहे. त्याची आजी गोष्टींचा खजिना होती हे सर्वज्ञात आहे. पण तीच आजी, घरच्या रंगाऱ्याच्या कारखान्याला आग लागते तेव्हा, स्फोट होऊ नये म्हणून जळत्या घरात शिरून तेजाबाचे भांडे उचलून आणते. गॉर्कीला वाक्य कोठून मिळाले आणि धीर कोठून मिळाला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

४

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आले, १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले त्यांनी ते आपल्या नातवंडांना वर्णन करून सांगितले. या नाटकाविषयी बोलताना आपण नेहमी कृतघ्न मुलांविषयी बोलतो. घरदार, पैसाअडका सारे मुलांना देऊन टाकणारा बाप आणि त्याला घराबाहेर काढणारी मुले, असा त्याचा सारांश सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

अप्पांच्या हातून पैसा गेला त्याचे त्यांना फारसे दुःख नाही. पैसा त्यांनी स्वतःच दिला. त्यांना लागते ते दुसरेच. मुलाच्या घरात त्यांचा जीव रमतो तो नातीपाशी. ते तिच्याशी खेळतात, आपल्याजवळचे शब्द, आवाज, नाटकीपणा सारे तिच्यापुढे ओततात. एका नटापाशी देण्यासारखे दुसरे असते तरी काय? आणि नेमके हेच सुनेला खपत नाही. तिला मुलीला वळण लावायचे आहे. सासऱ्याच्या मोकळ्या, रांगड्या भाषेची तिला धास्ती वाटते. सून दुष्ट आहे असे समजून आपण सुटका करून घेतो. पण तिच्या जागी बसून पाहिले तर तिचाही प्रश्न खरा आहे: हे मूल कोणाचे? ते कोणाच्या भाषेत वाढणार? शिरवाडकरांनी या लहानशा वाटणाऱ्या कुरबुरीवर शोकांतिकेचा पहिला दगड रचला आहे. म्हाताऱ्याचे घर जाते ते नंतर. आधी नातीवरचा त्याचा अधिकार जातो.

नाटकाच्या शेवटाकडे पाहिले म्हणजे हे अधिकच पटते. सारे गमावलेले अप्पा रस्त्यावर येतात, आणि तेथे त्यांना भेटतो बूटपॉलिश करणारा राजा. हा पोरगा त्यांना सांभाळतो आणि ते त्याला आपले सर्वस्व बोलून दाखवतात. घरात जे नातीला देता आले नाही ते फुटपाथवर एका अनोळखी पोराला देता येते. शिरवाडकरांनी हे कोठेही समजावून सांगितलेले नाही, आणि तेच योग्य केले. पण आजोबा या शब्दाचा अर्थ त्या प्रसंगात जितका उघडा होतो तितका शंभर भावगीतांत होत नाही.

पुढे जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आले. त्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यात, आणि घर रिकामे. नाटक हृदय पिळवटणारे आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या यशानंतर आपल्याकडे एक ठराविक साचा बसून गेला: म्हातारपण म्हणजे वाट पाहणे. दळवींच्या जोडप्याचे रिकामेपण खरे होते. पण त्यांच्या मागून आलेल्या दुय्यम लेखकांनी प्रत्येक म्हाताऱ्याला खिडकीशी बसवले. त्याच काळात अमेरिकेतल्या लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू बांधून, बाळंतशेपा पिशवीत घालून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आज्या मुंबईहून निघत होत्या. त्यांच्यापाशी वाट पाहायला वेळ नव्हता. त्यांचे नाटक मात्र अजून कोणी लिहिलेले मला ठाऊक नाही.

५

कथाकादंबऱ्यांनी जी कसर ठेवली ती काही अंशी आत्मचरित्रांनी भरून काढली. आठवणी लिहिणाऱ्याला साचा परवडत नाही; त्याला आपली आजी जशी होती तशीच आठवते.

आमच्या दादरशी ज्यांचा निकटचा संबंध होता त्या प्रबोधनकार ठाकऱ्यांची 'माझी जीवनगाथा' घ्या. त्यात त्यांच्या वडिलांची आई, जिला सारे 'बय' म्हणत, ती येते. बय सुईणपण करी, आणि अडलेल्या बाईची जात पाहून घरातून निघणे तिला माहीत नव्हते. पुढे प्रबोधनकारांनी जातिभेदावर आणि भिक्षुकशाहीवर लेखणी चालवली. त्या लेखणीची धार पुष्कळांनी वाखाणली आहे, पुष्कळांना ती बोचलीही आहे. पण ती धार ग्रंथ वाचून येण्याआधी पनवेलच्या घरात, रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघणाऱ्या एका म्हातारीकडे पाहून आली होती, असे तो भाग वाचताना वाटते. बयने नातवाला समतेचे पाठ दिले नाहीत. ती कामावर गेली आणि नातवाने पाहिले.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांचे लहानपण वीरगावला आजोळी गेले, आणि त्या पुस्तकातला महारवाडा आपल्याला दिसतो तो या आजोळच्या उंबऱ्यावरून. आईबापांच्या घरात मुलाला एक कुटुंब कळते. आजोळी वाढलेल्या पोरीला सारी वस्तीच कळली.

पण या बाबतीत मला सर्वांत मोठे वाटते ते शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी'. १९८४ सालचे हे पुस्तक सणाच्या दिवसांत वाचायला सोपे नाही, हे मी जाणून आहे. तरीही फराळाचे ताट बाजूला ठेवून या पुस्तकातल्या दोन माणसांना आपण नमस्कार केला पाहिजे. एक संतामाय, लेखकाची आजी, आईची आई. दुसरा दादा: जातीने, धर्माने निराळा, मुसलमान, एस्टीच्या स्टँडवर हमाली करणारा, संतामायबरोबर राहणारा. ज्या बापाने पोराला नाव दिले नाही त्या पोराला या दोघांनी भाकरी दिली. घर म्हणायला त्यांच्यापाशी स्टँडचा आडोसा होता. नातू मोठा झाल्यावर स्वतःला विचारतो: माझे रक्त कोणाचे, जात कोणती, गाव कोणता? या प्रश्नांची उत्तरे समाज त्याला देत नाही. पण त्याच्या भुकेच्या वेळी कोण धावले, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचे उत्तर त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

आजोबा होण्यासाठी रक्त लागत नाही, नाव लागत नाही, घर लागत नाही, हे मराठीत एवढ्या उघडपणे दुसऱ्या कोणी लिहिले आहे? 'नटसम्राटा'तला राजा कल्पनेतला होता. हा दादा खरा होता.

६

आणि आता 'श्वास'. १९५३ सालच्या अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे पुन्हा यायला पन्नास वर्षे लागली, आणि तो २००३ सालच्या पुरस्कारांत संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला मिळाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. पहिला मान आईच्या चित्रपटाला, दुसरा आजोबांच्या. हा योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो.

कथा थोडक्यात अशी. कोकणातला एक म्हातारा आपल्या लहान नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरातल्या इस्पितळात आणतो. डॉक्टर सांगतात, डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील. हे त्या पोराला कोणी सांगायचे आणि कसे, हा चित्रपटाचा विषय. अरुण नलावडे यांनी आजोबा केले आहेत आणि अश्विन चितळेने परशा.

येथे आजोबा गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्यापुढे फॉर्म आहे, सही आहे, रांग आहे, औषधांची चिठ्ठी आहे, न कळणारे इंग्रजी शब्द आहेत, शस्त्रक्रियेची पुढे ढकललेली तारीख आहे. गावी असलेल्या आईबापांच्या वतीने त्यांना निर्णय घ्यायचा आहे, आणि तो असा की घेतला तरी पोर अंधारात जाणार आणि न घेतला तर पोर जाणार. आजोबाला इतके काम देणारी दुसरी मराठी कलाकृती मला आठवत नाही.

मग ते करतात ते अचाट आहे. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते तेव्हा ते कोणालाही न विचारता नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात. इस्पितळात धावाधाव, डॉक्टरांचा संताप, वर्तमानपत्रांची चाहूल. आणि आजोबा काय करत असतात? पोराला जग दाखवत असतात. उद्यापासून जे दिसणार नाही ते आज डोळे भरून पाहून घे, एवढा एकच हेतू. नियमाप्रमाणे पाहिले तर हा गुन्हाच. डॉक्टर रागावतात ते बरोबरच आहे. पण प्रेक्षक म्हाताऱ्याच्या बाजूने उभा राहतो, कारण त्याला कळते की डॉक्टरांपाशी ज्ञान आहे, आईबापांपाशी हक्क आहे, पण या क्षणी या पोराला काय हवे आहे हे फक्त या एका माणसाला माहीत आहे. ज्या अधिकारासाठी गणपतराव बेलवलकर घरात तळमळले तो अधिकार परशाच्या आजोबांनी एका दिवसापुरता मागितला नाही, घेतला.

चित्रपटाच्या शेवटी परशा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. दिग्दर्शकाने येथे रडारड केलेली नाही. ही चित्रपटाची सभ्यता, आणि तीच त्याची ताकद.

एक गोष्ट मात्र येथे जोडली पाहिजे. कोकणातल्या त्या आजोबांना प्रेक्षकांनी इतक्या पटकन ओळखले, याला कारण आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारे कित्येक चाकरमानी खोलीत दहा-पंधराजण मिळून राहत, खाणावळीत जेवत, आणि बायकामुले गावी ठेवून मनिऑर्डर धाडत. त्या मनिऑर्डरीच्या पावतीवर अंगठा उठवणारे आणि त्या पैशात पोरांची शाळा भागवणारे हात बहुधा आजोबांचे असत. या मुंबई शहराचे सूत ज्यांनी कातले त्यांची पोरे कोणी वाढवली, हा प्रश्न आपल्या कामगार-साहित्याने फारसा विचारला नाही.

७

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही आजी-आजोबांची आरतीच करायला निघालात. तसे नाही. नातीपेक्षा नातवाच्या ताटात तुपाची धार जास्त सोडणारी आजी मी पाहिली आहे. सुनेवरचा राग नातवंडांच्या कानात ओतणारे आजोबाही पाहिले आहेत. गॉर्कीच्या आजोबांनी नातवाला अक्षरओळख करून दिली आणि त्याच हातांनी फोकाचे फटके दिले. लेखकाने दोन्ही लिहिले. आम्हांलाही दोन्ही लिहिता आले पाहिजे. कामकरी आजीचे चित्र काढायचे म्हणजे तिचा देव्हारा बदलायचा असे नव्हे. तिला देव्हाऱ्यातून खाली उतरवायचे.

आणि तिच्या थकव्याविषयीही लिहिले पाहिजे. आपल्या सरकारने २०१७ साली नोकरदार स्त्रीची बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे केली. फार चांगले झाले. पण सत्ताविसाव्या आठवड्यात त्या बाळाला कोणी घ्यायचे? मोठ्या कचेऱ्यांनी पाळणाघराची सोय करावी असे कायद्याने सांगितले; दादर-परळच्या किती घरांना ती लाभली ते घरोघर विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल: आजी आली. ती आली तेव्हा तिची भजनी मंडळाची मंगळवारची दुपार गेली, तिचे गुडघ्याचे दुखणे पुढे ढकलले गेले, आणि नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दोघांनी काशीला जायचे होते तेही राहिले. ती कुरकुरत नाही. पण तिला कोणी विचारलेही नाही.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, त्यात सज्ञान नातवंडांवरही आजी-आजोबांच्या पोषणाची जबाबदारी टाकली आहे. ते योग्यच. पण त्या कायद्याच्या डोळ्यांना म्हातारा माणूस दिसतो तो घेणारा म्हणून. देणारा म्हणून तो कायद्याला दिसत नाही. कायद्याचे ते कामही नसेल. मग ते काम कोणाचे?

ते आम्हां लिहिणाऱ्यांचे. आणि विषयाची वाण तर मुळीच नाही. जबाबदारी सारी आहे आणि अधिकार काही नाही, अशा जागी उभे असलेले माणूस हा कादंबरीचा केवढा मोठा विषय! पोर पडले तर आजीने लक्ष दिले नाही. पोर पहिले आले तर आईबापांचे संस्कार. मोबाइल द्यावा की न द्यावा, इंग्रजी शाळा की मराठी, तापात भात चालतो की नाही, या प्रत्येक प्रश्नावर घरात दोन पिढ्या आणि त्यांच्यामध्ये एक मूल. यात संघर्ष आहे, विनोद आहे, करुणा आहे. 'नटसम्राटा'त शिरवाडकरांनी हे दार किलकिले करून ठेवले, लिंबाळ्यांनी त्यातून आपल्याला आत नेले, 'श्वास'ने दिवा धरला. पुढची खोली अजून रिकामी आहे.

आज घरोघर पणत्या लागतील. नातवंडांना पहाटे उठवून तेल लावणारे हात बहुतेक घरांत आजीचेच असतील. फटाक्यांच्या दुकानात मुलांचा हट्ट आणि बापाचे बजेट यांच्यात तडजोड घडवणारे आजोबाच असतील. या अंकातली एखादी कथा वाचताना वाचकांनी एवढेच पाहावे की त्या कथेतली आजी नुसती बसलेली आहे की काही करते आहे. बसलेली असेल तर लेखकाला पत्र टाकून विचारावे, अहो, तुमच्या घरी दूध कोण तापवते?